भरपाई दिली गेली होती, मालकांना

1 ऑगस्ट 1834 ही तारीख घातलेला एक छापील तक्ता आहे. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींत मळ्यामळ्यांवर तो भरला गेला. त्यात माणसांचे वर्ग पाडलेले आहेत: मुकादम, कसबी कारागीर, कमी कसबी कारागीर, शेतमजूर, कमी ताकदीचे शेतमजूर, घरकामातली माणसं. तळाला आणखी दोन ओळी. एक सहा वर्षांखालच्या मुलांची, दुसरी म्हाताऱ्या, आजारी किंवा ‘अन्य कारणाने निकामी’ माणसांची. प्रत्येक ओळीसमोर डोकी किती आणि किंमत किती.

गुलामगिरीच्या भरपाईचा विषय काढला की चांगली समंजस माणसंही हात झटकतात. इतकी जुनी गोष्ट, मोजायची कशी, द्यायचं कोणी, घ्यायचं कोणी, पुरावा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहेत, पण नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारांनी ते सगळे सोडवले होते, तेही पेनीपर्यंत. फक्त दावेदाराच्या रकान्यात मालकाचं नाव होतं.

ब्रिटनचा गुलामगिरीबंदीचा कायदा ऑगस्ट 1833 मध्ये मंजूर झाला आणि वर्षभराने लागू झाला. सुमारे आठ लाख माणसं त्याच्या कक्षेत आली. मालकांसाठी 2 कोटी पौंड ठेवले गेले, म्हणजे सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या साधारण 40 टक्के. वाटपाची रीत अशी: प्रत्येक वसाहतीत 1822 ते 1830 या काळात माणसं सरासरी कोणत्या भावाने विकली गेली ते आधी काढलं. त्या भावाला नोंदवहीतल्या डोक्यांनी गुणलं. सगळ्या वसाहतींची मिळून बेरीज साडेचार कोटी पौंडांच्या आसपास गेली आणि हातात होते दोन कोटी, तेव्हा सगळ्यांचा वाटा त्याच प्रमाणात खाली आणला. ब्रिटिश गयानात माणसामागे सरासरी 50 पौंडांच्या पुढे पडले, जमैकात जेमतेम 20. गयानाची जमीन ताज्या लागवडीची आणि मजुरांची टंचाई, म्हणून तिथला भाव चढा. आफ्रिकेच्या एकाच गावातून पकडलेल्या दोन भावंडांची किंमत, उतरवलेलं बंदर वेगळं म्हणून, अडीचपट वेगळी निघू शकत होती, आणि भरपाई वाटणाऱ्या आयोगाच्या हिशेबात ते अगदी बरोबर होतं.

पुराव्याचं काय केलं? 1817 च्या सुमारापासून बहुतेक वसाहतींत गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या जात, साधारण दर तीन वर्षांनी नव्याने. गुलामगिरीविरोधकांनीच त्यांचा आग्रह धरला होता, कारण 1807 मध्ये समुद्रावरचा व्यापार बंद झाल्यानंतरही चोरून माणसं आणली जात होती आणि ती पकडायला यादी हवी होती. पुढे हीच यादी मालकांच्या कामी आली. यादीत नाव असलेला माणूस हा मालकीचा पुरावा ठरला. दावा दाखल झाला की त्यावर हरकती येत, कारण मळे बहुधा गहाण असत. गहाणदार, मृत्युपत्रातले वारस, मळ्याच्या उत्पन्नावर वार्षिक तनखा ठरलेल्या विधवा, सगळे आपापला हिस्सा सांगत. चाळीस हजारांहून जास्त दावे लंडनच्या आयोगाने निकालात काढले. पैसे लंडनमध्येच उचलायचे होते, त्यामुळे जमैकातल्या बारीकसारीक मालकांना मुखत्यारपत्र देऊन दलाल नेमावे लागले. मळ्यापासून दूर, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीनेक हजार लोकांच्या हाती जवळजवळ निम्मी रक्कम गेली.

यातला एक दावेदार जॉन ग्लॅडस्टन. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. 2,508 माणसांपोटी त्याला 1 लाख 6 हजार पौंडांहून जास्त मिळाले. मुलाने 1833 मध्ये संसदेत केलेलं पहिलं मोठं भाषण गयानातल्या बापाच्या मळ्याच्या बचावाचंच होतं.

मुक्त झालेल्यांना एक पेनीही मिळाली नाही, हे लोकांना माहीत असतं. त्यांनी या भरपाईत भर घातली, हे सहसा सांगितलं जात नाही. कायद्यात ‘उमेदवारी’ नावाची तरतूद होती. 1834 नंतरही शेतावरच्या माणसांनी सहा वर्षं आणि इतरांनी चार वर्षं त्याच मालकाकडे आठवड्याला 45 तासांपर्यंत बिनपगारी राबायचं. मालकाचा भाव सरकारी रोखीत पुरता भरून निघाला नव्हता, बाकी श्रमात वसूल. वेस्ट इंडीजमध्ये विरोध इतका झाला की ही उमेदवारी 1 ऑगस्ट 1838 ला, ठरल्या मुदतीआधीच गुंडाळावी लागली.

दीड कोटी पौंडांचं कर्ज 1835 मध्ये नेथन रॉथ्सचाइल्ड आणि मोझेस माँटेफिओरी यांच्या गटाने उभं करून दिलं, उरलेलं थेट रोख्यांत दिलं गेलं. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने ट्विटरवर मोठ्या हौसेने सांगितलं की हे कर्ज 2015 मध्ये फिटलं आणि तुम्ही करदात्यांनी गुलामांचा व्यापार संपवायला हातभार लावला. ओरड झाल्यावर ते काढून टाकलं. काटेकोर बोलायचं तर 1835 चं ते कर्ज मधल्या काळात दुसऱ्या बेमुदत रोख्यांत मिसळून गेलं होतं, त्यामुळे अमुक पौंड अमुक मळेवाल्याचे असं 2015 मध्ये दाखवता आलं नसतं. पण त्याच पाऊलखुणेवर चालत गेलं तर एवढं निघतं: दुसऱ्या महायुद्धानंतर जमैकाहून ब्रिटनमध्ये येऊन बस चालवणाऱ्या, दवाखान्यात परिचारिका झालेल्या माणसांच्या कराचाही त्यात वाटा होता. आपल्या पणजोबांच्या मालकाला मिळालेली रक्कम ते फेडत होते.

हैतीचं प्रकरण याहून उघडंवागडं आहे. तिथल्या गुलामांनी लढून फ्रान्सचा पराभव केला आणि 1 जानेवारी 1804 ला स्वातंत्र्य जाहीर केलं. एकवीस वर्षांनी, एप्रिल 1825 मध्ये, राजा दहाव्या शार्लने फर्मान काढलं: फ्रान्स हैतीला मान्यता देईल, त्या बदल्यात मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी 15 कोटी फ्रँक, पाच समान वार्षिक हप्त्यांत, शिवाय फ्रेंच जहाजांना निम्मी जकात. फर्मान घेऊन आलेल्या दूताबरोबर युद्धनौकांचा काफिला होता. 3 कोटींचा पहिला हप्ता हैती सरकारच्या त्या वर्षाच्या उत्पन्नाच्या साधारण सहापट होता. साहजिकच कर्ज काढावं लागलं आणि ते फ्रान्समधूनच काढायचं होतं. पॅरिसच्या सावकारांनी 3 कोटींचं कर्ज दिलं, त्यातले 60 लाख आधीच कापून घेतले. हातात 2 कोटी 40 लाख, व्याज मात्र पुऱ्या तीन कोटींवर. हप्ता भरायला तिजोरीतलं होतं नव्हतं ते घालावं लागलं. हैतीचे अभ्यासक याला दुहेरी कर्ज म्हणतात: एक मळेवाल्यांचं, दुसरं ते फेडण्यासाठी काढलेलं.

पैसा कुठून आला? कॉफीवरच्या निर्यात करातून. म्हणजे डोंगरउतारावर दोन-चार एकरांत कॉफी लावणाऱ्या, स्वतः गुलाम राहिलेल्या किंवा गुलामांच्या पोटी जन्मलेल्या शेतकऱ्याच्या पोत्यातून. 1838 मध्ये एकूण रक्कम 9 कोटींवर आणली गेली, पण एका कर्जासाठी दुसरं कर्ज ही साखळी 1947 पर्यंत तुटली नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2022 मध्ये जुन्या नोंदी चाळून हिशेब मांडला: दुहेरी कर्जापोटी दिलेले सुमारे 11 कोटी 20 लाख फ्रँक, आजचे 56 कोटी डॉलर. हा पैसा देशातच फिरला असता तर किती झाला असता याचा अंदाज 2,100 कोटींपासून 11,500 कोटी डॉलरपर्यंत जातो.

एवढा मोठा फरक पाहून कुणी म्हणेल की बघा, आकड्यांना अर्थ नाही. तसं नाही. 56 कोटी ही दिलेली रक्कम आहे, पावत्यांवरून काढलेली. पुढचे दोन आकडे वाढीचा दर कोणता धरता यावर हलतात, चक्रवाढ दोनशे वर्षं चालली की दरातला अर्धा टक्काही डोंगर उभा करतो. दाव्याला बसणाऱ्याने पहिला आकडा घट्ट धरावा आणि दुसऱ्याबद्दल वाटाघाट करावी. 2003 मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडे 21,685,135,571 डॉलर आणि 48 सेंट मागितले. ते 48 सेंट मला ठसक्याचे वाटतात, पण वाटाघाटीत त्यांनी नुकसानच केलं. मागणीची टिंगल करायला आयतं कारण मिळालं. पुढच्या फेब्रुवारीत आरिस्टीड सत्तेवरून गेले. एप्रिल 2025 मध्ये, फर्मानाला दोनशे वर्षं होताना, फ्रान्सने दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैशाचा शब्द त्यात नाही.

अमेरिकेतही मालकांना भरपाई मिळाली आहे, राजधानीपुरती. 16 एप्रिल 1862 च्या कायद्याने वॉशिंग्टनमधली सुमारे तीन हजार माणसं मुक्त झाली आणि संघराज्याशी निष्ठेची शपथ घेणाऱ्या मालकांना माणसामागे सरासरी 300 डॉलरपर्यंत मिळतील असं ठरलं. अर्जात नाव, वय, वर्ण, अंगचं कौशल्य, माणूस कसा ताब्यात आला आणि अंदाजे किंमत लिहायची. तीन आयुक्त होते, पण त्यांच्यातल्या कुणालाच भाव माहीत नव्हता. मग त्यांनी बाल्टिमोरहून गुलामांचा एक धंदेवाईक व्यापारी बोलावला. तो माणसं पाहून किंमत सांगे. 966 अर्जांपैकी 909 पूर्ण मंजूर झाले. मुक्त झालेल्या माणसासाठीही कायद्यात रक्कम होती, 100 डॉलरपर्यंत, पण देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जाणार असेल तरच.

आता उलट दिशेचे दावे. तेही झाले आणि त्यांची संख्या लोकांना वाटते त्याहून मोठी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या बेलिंडा सटन या वृद्धेने 1783 मध्ये विधिमंडळाकडे अर्ज केला: पन्नास वर्षं आयझॅक रॉयल या मालकाच्या घरी राबले, त्याच्या मालमत्तेतून मला निर्वाह मिळावा. वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग मंजूर झाले. रक्कम येणं थांबलं, तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा थांबलं, पुन्हा केला. रॉयलच्या इस्टेटीतूनच हार्वर्डमध्ये कायद्याचं पहिलं अध्यासन उभं राहिलं, त्याचे पैसे मात्र थांबले नाहीत.

हेन्रिएटा वुडचा खटला वकिलांनी जरूर वाचावा. ती सिनसिनाटीत कायदेशीररीत्या मुक्त झालेली होती. 1853 मध्ये तिला फसवून नदीपलीकडे केंटकीत नेलं आणि विकलं. मिसिसिपी, मग टेक्सास. 1869 मध्ये परतल्यावर तिने 1870 मध्ये झेब्युलन वॉर्ड या तिला पळवणाऱ्या माणसावर 20,000 डॉलरचा दावा लावला. आठ वर्षांनी, 1878 मध्ये, फेडरल ज्यूरीने 2,500 डॉलर दिले. गुलामगिरीबद्दल अमेरिकन न्यायालयाने दिलेली माहितीतली सर्वांत मोठी रक्कम तीच. ती जिंकली कशामुळे? प्रतिवादी जिवंत, नावानिशी माहीत आणि पैसेवाला होता, आणि पळवली तेव्हा ती कायद्याने मुक्त होती. शेवटची अट नीट पाहा. ती मुक्त नसती तर तिची ती सगळी वर्षं कायद्याच्या लेखी नुकसान ठरलीच नसती. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांतले दावे याच दोन दगडांवर आपटले: प्रतिवादी कोण, आणि तेव्हा जे कायदेशीर होतं त्याची दाद कोणत्या कलमाखाली मागायची. बँका, विमा कंपन्या, रेल्वे यांच्यावर वंशजांनी लावलेल्या खटल्यांचा बहुतेक भाग 2006 मध्ये अपील न्यायालयाने काढून टाकला: वंशजांना स्वतःची थेट हानी दाखवता येत नाही आणि दावे मुदतबाह्य आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी जेपी मॉर्गन चेसने कबूल केलं होतं की तिच्यात विलीन झालेल्या लुइझियानाच्या दोन बँकांनी सुमारे 13,000 गुलाम तारण घेतले होते आणि कर्ज थकल्यावर 1,250 जण बँकेच्या मालकीचे झाले.

यादवी युद्ध संपताना जमीन देण्याचा प्रयोगही झाला. 12 जानेवारी 1865 ला सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मनने वीस काळ्या धर्मोपदेशकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलला. स्वतःची आणि बायकोची सुटका त्याने 1,000 डॉलर मोजून विकत घेतली होती. त्याने दया, अन्न, शिक्षण यातलं काही पुढे केलं नाही. जमीन हवी, म्हणाला, स्वतःच्या हातांनी कसायला. चारच दिवसांत हुकूम निघाला: किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात प्रत्येक कुटुंबाला 40 एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे 40,000 माणसं तिथे वसली, त्यांनी पेरण्या केल्या. लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने दक्षिणेतल्या बंडखोर मालकांना माफी दिली आणि माफीबरोबर जमिनीही परत केल्या. सैन्याने वसवलेल्यांना सैन्यानेच उठवलं.

जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या औदार्याबद्दल. पुण्यात तेव्हा पोचलेली बातमी मुक्तीची होती. जमीन काढून घेतल्याची बातमी इतक्या दूर यायचं काही कारण नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक बुडाली आणि 61,000 खातेदारांचे जवळजवळ 30 लाख डॉलर अडकले. नऊ वर्षांत धुणीभांडी करून साठवलेला तो पैसा होता. ठेवी सरकारने सुरक्षित ठेवल्या आहेत अशी खातेदारांची समजूत होती. ती हमी कागदावर कधीच नव्हती.

कॅली हाउसचं नाव मात्र मराठीत क्वचितच दिसतं. टेनेसीत गुलामगिरीत जन्मलेली, नॅशव्हिलमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी विधवा. 1890 च्या दशकाच्या अखेरीस तिने माजी गुलामांची संघटना बांधली. प्रवेश फी 25 सेंट, महिन्याची वर्गणी 10 सेंट. मागणीचा मसुदा सैनिकांच्या पेन्शनवरून बेतलेला होता: सत्तरीपुढच्यांना एकरकमी 500 डॉलर आणि महिना 15, साठीतल्यांना 300 आणि 12, त्याखाली कमी. गरज आणि वय पाहून पायऱ्या पाडलेली ही रचना आजच्या कित्येक समित्यांच्या मसुद्यांपेक्षा शहाणी आहे. संसदेने दाद दिली नाही, तेव्हा 1915 मध्ये संघटनेने अर्थखात्यावरच दावा लावला. 1862 ते 1868 या काळात कापसावर गोळा केलेला कर, 68,073,388 डॉलर 99 सेंट, तिजोरीत ओळखता येण्याजोगा पडून आहे. तो कापूस आम्ही पिकवला, तो पैसा आमचा. प्रतिवादी कोण आणि रक्कम कोणती, दोन्ही प्रश्नांना यात उत्तर होतं. न्यायालय म्हणालं, सरकारवर सरकारच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही. टपाल खात्याने तिच्यावर खटला भरला: पेन्शन मिळणारच नाही हे माहीत असून टपालाने वर्गणी मागते, म्हणजे फसवणूक. 1917 मध्ये तिला एक वर्षाची शिक्षा झाली.

इतकं सगळं झालं तरी 1865 म्हणजे पार जुनी गोष्ट, असं म्हणणाऱ्यांनी घरकर्जाचा इतिहास पाहावा. अमेरिकेत मध्यमवर्गाची बचत घरात असते. 1930 च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि काळ्या वस्त्यांना लाल रंग दिला. या नकाशांची चर्चा फार होते; माझ्या मते खरा घाव 1934 नंतर कर्जांना हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या नियमांचा होता, कारण हमी नाही म्हटल्यावर बँक दारात उभं करत नसे. मिसिसिपीत 1947 मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची 3,229 कर्जं दिल्याची पाहणी आहे. त्यातली काळ्या सैनिकांना 2. हे सैनिक आजच्या पन्नाशी-साठीतल्या माणसांचे वडील आणि आजोबा. 2022 च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधोमधच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता 2,85,000 डॉलर, काळ्या कुटुंबाची 44,900. पगारातली तफावत यापेक्षा बरीच कमी आहे. एवढी दरी पगाराने पडत नाही, ती वारशाने पडते.

कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये कायदा करून भरपाईचा विचार करणारा कृतिगट नेमला. त्याच्या अर्थतज्ज्ञांनी आरोग्याचा हिशेब कसा केला ते पायरीने पाहण्यासारखं आहे. अमेरिकन सरकार रस्ते-प्रदूषणाचे नियम करताना एका आयुष्याची किंमत सुमारे 1 कोटी डॉलर धरतं. राज्यातल्या गोऱ्यांचं सरासरी आयुर्मान 78.6 वर्षं, म्हणजे एका वर्षाचे 1,27,226 डॉलर. काळ्यांचं आयुर्मान 71, तफावत 7.6 वर्षांची. गुणाकार साधारण 9,66,900. हे 71 ने भागा, राज्यात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे 13,619 डॉलर येतात. घरांच्या बाबतीतल्या भेदभावासाठी 1933 ते 1977 या काळातल्या वास्तव्याला वर्षाचे 3,366. पद्धत स्वच्छ आहे. दोष एवढाच की आयुर्मानातली सगळी तफावत भेदभावावर टाकली, आणि विरोधक नेमकं तिथेच बोट ठेवतात. आणि राज्यातल्या सगळ्या पात्र लोकांची बेरीज काढली की आकडा असा फुगतो की आमदार पहिलं पान वाचून फाईल मिटतात.

पात्रता कोणाची, यावर त्या गटात 5 विरुद्ध 4 असं मतदान झालं. वंशावळीच्या बाजूने पाच: 1900 पूर्वी अमेरिकेत असलेल्या काळ्या माणसाचे वंशज. सगळ्या काळ्या रहिवाशांना द्या, म्हणणारे चार. मला पाचांचं पटतं. कारण साधं आहे, अमेरिकन न्यायालयं वर्णावर आधारलेली सरकारी मदत जवळजवळ आपोआप रद्द करतात. पूर्वजाच्या हानीवर आधारलेल्या मदतीला निदान उभं राहायला जागा आहे. पण मग वंशावळ सिद्ध करा. इथे अडचण 1870 ची आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत मुक्त झालेल्यांची नावं पहिल्यांदा आली. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात वय, लिंग, वर्ण आणि मालकाचं नाव आहे, माणसाचं नाही. शोधणारा आधी 1870 पर्यंत जन्ममृत्यूच्या दाखल्यांनी मागे जातो, मग त्या गावाच्या आसपासचे त्याच आडनावाचे मालक काढतो, त्यांची मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, गहाणखतं पाहतो, कारण मालमत्तेच्या यादीत नाव लिहावं लागे. आडनाव मालकाचंच असेल हे गृहीत धरलं की इथेच माणूस भलत्या मळ्यावर जाऊन पोचतो; पुष्कळांनी आधीच्या मालकाचं किंवा स्वतः निवडलेलं आडनाव लावलं होतं. बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या इथे सोन्याच्या: खातं उघडताना आईबाप, भावंडं, पूर्वीचा मालक, विकलं गेलेलं मूल, सगळं विचारून लिहिलेलं असे. मेरिलँडच्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी 1838 मध्ये 272 माणसं 1,15,000 डॉलरला लुइझियानात विकली आणि त्यातून जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फेडलं. तिथे वंशज सापडले, कारण विक्रीची यादी नावानिशी होती.

इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन शहराने विषय आकुंचित केला आणि म्हणून तिथे पैसे खरोखर वाटले गेले. गुलामगिरी नव्हे, 1919 ते 1969 या काळात शहराने घरांच्या बाबतीत केलेला भेदभाव. त्या काळात तिथे राहिलेली काळी माणसं आणि त्यांचे थेट वंशज पात्र. पुरावा म्हणून शाळेचे दाखले, जुनी पत्त्यांची पुस्तकं, चर्चच्या नोंदी चालल्या. प्रत्येकी 25,000 डॉलर. जानेवारी 2022 मध्ये चिठ्ठ्या टाकून पहिली 16 नावं काढली. मग अडचणी. रक्कम घरखरेदी, कर्जफेड किंवा दुरुस्तीलाच वापरायची होती, कारण रोख दिली तर आयकर लागण्याची भीती. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला छप्पर दुरुस्तीचा काय उपयोग? 2023 मध्ये रोखीचा पर्याय आला. पैसा गांजाच्या विक्रीवरच्या 3 टक्के करातून यायचा होता आणि शहरात दुकान होतं एक. थेंब थेंब पैसा आणि रांगेत म्हातारी माणसं. पुढे मालमत्ता हस्तांतरण करातूनही भर घालावी लागली. मे 2024 मध्ये योजनेवर वर्णभेदाचा खटला दाखल झाला. जपानी अमेरिकनांना युद्धकाळात छावण्यांत डांबल्याबद्दल 1988 च्या कायद्याने प्रत्येकी 20,000 डॉलर दिले गेले, 82,219 जणांना. तिथे अट अशी की कायदा झाला त्या दिवशी माणूस जिवंत हवा. वाटप त्यामुळे सोपं झालं. मागणी जितकी लांबवाल तितकी स्वस्त, हाही त्याच अटीचा अर्थ.

मॉरिशसचा धागा आपल्यापर्यंत येतो. तिथल्या सुमारे 66,000 माणसांपोटी मालकांना साधारण 21 लाख पौंड मिळाले. मुक्त झालेल्यांनी मळे सोडले. काहींनी बचतीतून छोटे तुकडे घेतले. मळेवाल्यांना उसासाठी हात हवे होते आणि हातात भरपाईची रोकड होती. 1834 पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आणले गेले. मुंबई बंदरातूनही गेले, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला महिना 5 रुपये, एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आपली माणसं हालातच गेली आणि हालातच राहिली, पण ती आली म्हणून मुक्त झालेल्यांना मजुरीत घासाघीस करायला वाव उरला नाही, हेही तितकंच खरं. पुढे उतरत्या काळात मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकड्यांनी विकली, ती बरीचशी भारतीयांनी घेतली. आफ्रिकन वंशाच्या कुटुंबांकडचे जुने तुकडे मात्र हातचे जात राहिले.

तिथल्या सत्य आणि न्याय आयोगाने 2011 मध्ये अहवाल दिला, गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींवर मिळून. त्याचा एक अख्खा खंड जमिनीवर आहे. तिथे फ्रेंच वळणाचा दिवाणी कायदा चालतो, तीस वर्षांच्या निर्वेध ताब्याने मालकी मिळते. आपल्याकडच्या विरुद्ध कब्जासारखंच. साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडायची, वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, हरकत आली नाही की नोंद. ज्या कुटुंबात कुणाला वाचता येत नव्हतं तिथे हरकत येणार कुठून? आज नातवंडं दावा मांडायला जातात तेव्हा मूळ खत नोटरीच्या दप्तरात शोधावं लागतं, चतुःसीमेत लिहिलेलं झाड किंवा ओढा जागेवर नसतो, पाच पिढ्यांच्या वारसांच्या सह्या लागतात, आणि सर्वेअर, नोटरी, वकील या तिघांचे पैसे निकालाच्या आधी भरावे लागतात. आयोगाने म्हणून सरकारी खर्चाने जमिनीचं संशोधन करणारा विभाग मागितला: खत शोधायचं, मोजणी करायची आणि वंशावळ जुळवायची, हे तिन्ही एका छताखाली, दावेदाराकडून फी न घेता.